उंद्रीची सुपारी

मास्तर, तुम्हाला माहीत होतं! साठ वर्षं होत आली, आणि मला हे काल कळलं. काल दुपारी उंद्रीत, एका म्हाताऱ्याच्या ओसरीवर, हातात चहाची बशी असताना कळलं, आणि तो चहा सगळा पायजम्यावर सांडला. नात म्हणते, आबा, बीपीची गोळी घ्या. कसली गोळी घेऊन बसलीस! तोंडात दात असते तर आत्ता क्लॅरनेट काढून फुंकलं असतं, साऱ्या अमडापूरला झोपेतून उठवलं असतं. तुम्हाला लिहायचं म्हणून जरा नीट भाषेत लिहितो. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, अर्ज आणि रिपोर्ट लिहून हात बसला आहे. मधेच आपली बोली घुसली तर रागावू नका. सांगायचं पुष्कळ आहे, आणि जीव नुसता पुढं धावतो आहे. पण तुम्ही म्हणायचा ना, "आधी सूर लावू दे बे, मंग पळ." म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सुरुवात या नातीपासूनच झाली. ती चिखलीला कॉलेजात शिकते. मागच्या आठवड्यात चार दिवस ताटावर बसायची, दोन घास खायची आणि उठायची. मला वाटलं, झालं, कोण्या पोराची भानगड दिसते. तसं काही नव्हतं. सातासमुद्रापलीकडचा कुठला तरी बँड, चार पोरं, गिटारा घेऊन उड्या मारणारी, ती एकमेकांपासून वेगळी झाली म्हणून आमची ही इथं रडत होती! मोबाईलवर दाखवलं मला. मैदान भरून माणसं, पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळी मिळून गाऊन राहिली. "आबा, सगळं तर होतं यायच्यापाशी. मंग काऊन फुटले?" दात गेले तरी सवयीनं मी अडकित्त्यानं सुपारी कातरत होतो. सहज बोलून गेलो, "आमचाबी असाच फुटला होता." ती डोळे पुसायची थांबली. "तुमचा काय?" "बँड." मास्तर, घरात कोणालाच ठाऊक नव्हतं हो. माळ्यावरच्या पेटीतलं क्लॅरनेट माझ्या पोरानं लहानपणी पाहिलं होतं, तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की ती जुन्या एसटीची शिट्टी आहे. त्यानं ते खरं मानलं, अजूनही मानतो.

आता पोरगी पिच्छा सोडेना. केवढा होता, किती जण होते, कोण होते. आणि सांगता सांगता मलाच असं चढत गेलं म्हणता! आपला बँड म्हणजे काय चीज होती, मास्तर. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तुमचं सायकलचं दुकान, त्याच्या मागच्या खोलीत आपली तालीम. अठरा जण, अठरा सायकली. लग्नाच्या गावी निघालो की वाद्यं पाठीला, पायात पांढरे बूट, आणि सगळ्यांत मागं मोठा ढोल पाठीवर बांधून आपला ढोलवाला, लांबून पाहिलं तर ढोलच सायकल चालवतोय असं वाटायचं. गावाच्या शिवेपासून लेकरं मागं पळायची. पोरींचे बाप आधी तुमच्या दुकानात यायचे, "मास्तर, तारीख मोकळी हाय का?" आणि मग मुहूर्त काढायला जायचे. खामगावपासून जालन्याकडल्या गावांपर्यंत हीच तऱ्हा. नवीन गाणं आलं की तुम्ही स्टँडवरच्या हॉटेलासमोर सायकल धरून उभे राहायचा. रेडिओवर गाणं एकदा ऐकायचं, दुसऱ्यांदा नाही. दुकानापर्यंत गुणगुणत यायचा आणि संध्याकाळी ते अठरा जणांच्या बोटांत असायचं. आणि एक तुमचा कायदा होता, लग्न पाटलाचं असो की बौद्धवाड्यातलं, अठरा जण एका पंगतीत बसणार असतील तर जेवू, नाहीतर शिदोरी सायकलला बांधलेली आहे. दोनदा आपण शिदोरी खाल्ली, आठवतं? तिसऱ्यांदा कोणी ती वेळ आणली नाही. आपल्याशिवाय त्यांचं लग्न अळणी झालं असतं.

आणि मी! बावीस वर्षांचा, उंच, तेल लावून मागं वळवलेले केस. क्लॅरनेट तोंडाला लावलं की बाया गच्चीवर यायच्या. मी एकच सूर धरून ठेवायचो, लोक मोजायचे, टाळ्या पडायच्या, आणि बाकीचे सतरा जण वाद्यं सरसावून वाट पाहत उभे. एकदा अशीच वरात थांबवून धरली तेव्हा तुम्ही माझ्या कानापाशी आलात. ओरडला नाहीत. म्हणालात, "काऊन बे, तू वाजवून राह्यला का दाखवून राह्यला?" माझे कान तापले. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशीच्या लग्नात पुन्हा तोच सूर, आणखी लांब. असा हरामखोर होतो मी, लपवत नाही.

नातीला सुपारीचं समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. तिला वाटलं सुपारी म्हणजे खून. मी म्हटलं, बाई, बँड ठरवायला आला माणूस की तो नारळ आणि सुपारी घेऊन यायचा. ती फक्त मास्तरनं घ्यायची. डोकं झाकून, उभ्यानं, उजव्या हातात, आणि कपाळाला लावायची. ज्याच्या हातात सुपारी पडली तो बँडाचा मास्तर, आणि एकदा घेतली ती परत नाही. परत गेली तर नवरदेवाला अपशकुन. ती तुम्ही फडक्यात बांधून मोठ्या ढोलाच्या दोरीला अडकवायचा. लग्न वाजवून झालं की शेवटी सगळे गोल बसायचो आणि तुम्ही तीच सुपारी फोडायचा. एका सुपारीचे अठरा तुकडे! पहिला तुकडा तुमचा. तुकडा काय, नखाएवढा कण, पण तो जिभेवर आल्याशिवाय लग्न संपलं असं वाटायचं नाही.

तर उंद्रीची सुपारी आली त्या दिवशी अमडापूरचा बाजार होता, आणि तुम्ही मेहकरला गेला होता. तिथल्या एका बड्या अडत्याच्या घरचं लग्न, सुपारी घ्यायला तुम्हाला स्वतः बोलावलं होतं. दुकानात मी एकटा. खिळ्यावर तुमची टोपी लटकत होती, मास्तरची, जरीच्या पट्टीची, पुढं चकचकीत काठ. आपल्या सगळ्यांच्या टोप्या साध्या, ही एकच जरीची. मी म्हटलं, पाहू तरी कशी दिसते. घातली. सायकलच्या आरशात पाहिलं, आणि देवाशपथ, मास्तर, मी मलाच सलाम केला. तेवढ्यात दारात एक माणूस उभा. उंद्रीचा, नवरदेवाचा बाप, पटका बांधलेला, हातात नारळ-सुपारी. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं त्यानं. टोपी पाहिली. "बँडाचे मास्तर तुमीच ना?"

इथं मी "नाही" म्हणायचं होतं. एवढंच तर होतं. टोपी काढायची, हसायचं, "बसा, मास्तर येतीन संध्याकाळी" म्हणायचं. मी म्हटलं, "हाव." त्यानं सुपारी पुढं केली. मी उभा राहिलो, उजवा हात, कपाळाला लावली, सगळं अगदी तुमच्यासारखं. तारीख विचारली तेव्हा मला वाटलं, वैशाखात काय, रोजच लग्नं असतात, मास्तर पाहून घेतील. तो गेल्यावर मी आरशासमोर आणखी एकदा "हाव" म्हणून पाहिलं.

संध्याकाळी तुम्ही मेहकरची सुपारी घेऊन आलात, आणि तारीख तीच, वेळ तीच. तुम्ही विचारलं, "कोणी घेतली उंद्रीची?" आणि मी खोटं बोललो. म्हणालो, "मी त्याले सांगतलं, मी मास्तर नाही. तो बळंच हातात देऊन गेला." तुम्ही विचारलं, "टोपी कोणती होती डोक्यावर?" मी म्हटलं, "माहीवाली, साधी." तुम्ही खिळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंक्चरचा रबर घासायला लागलात. मला वाटलं, सुटलो!

मी म्हटलं, उंद्रीची परत करू. तुम्ही मान हलवली. "घेतलेली सुपारी परत गेली नाही आपल्या बँडाची. दोन्ही वाजतीन. नऊ तिकडे, नऊ इकडे." आपण कधी सतरा जणांतही वाजवलं नव्हतं, कोणी आजारी पडला तरी तो खुळखुळा घेऊन यायचा. मग आठ दिवसांनी वाटणी झाली, आणि मोठा ढोल एकच. मेहकरचं लग्न मोठं, ढोल तिकडेच जाणार हे कोणालाही कळत होतं. तुम्ही म्हणालात, "ढोल उंद्रीले." ढोलवाला उडालाच. "मास्तर, मेहकरात नाक कापलं जाईन!" "माहं नाक हाय, मी पाहीन." आणि निघायच्या सकाळी मी सायकलवर टांग टाकली तर तुम्ही दुकानातून आलात, खिळ्यावरची टोपी आणलीत आणि माझ्या डोक्यावर ठेवलीत. म्हणालात, "ऊन लय हाय." साध्या टोपीनं ऊन अडत नव्हतं का? मी विचारलं नाही. मला वाटलं, वा, मास्तरनं मला आपल्या हातानं मास्तर केलं! फुगून गेलो. उंद्रीपर्यंत पायडल मारलेले मला आठवतच नाहीत.

आणि काय वाजवलं त्या दिवशी आम्ही! आता खोटं कशाला बोलू, त्या दिवसाची आठवण आली की अजून अंगावर काटा येतो. मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत दोनशे पावलं असतील, ती चालायला दीड तास लागला. मी सूर धरला की थांबवणारं कोणी नव्हतं. ढोलवाल्यानं असा हात टाकला की पारावरची म्हातारी माणसं उठून नाचली. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला, त्याचा बाप पटका उडवून नाचला. सगळे मला मास्तर म्हणत होते. "मास्तर, आणखी एक!" "मास्तर, पाणी घ्या!" आणि माझ्या आठही जणांपैकी एकानंही सांगितलं नाही की हा मास्तर नाही.

मग आम्ही गोल बसलो. मी सुपारी फोडली. पहिल्यांदाच नऊ तुकडे झाले. ढोलवाल्यानं आपला तुकडा उन्हात धरून पाहिला आणि हसला. "च्यायला, नऊ जणात तुकडा बरा मोठा येते बे!" सगळे हसले. मीही हसलो. पहिला तुकडा माझ्यापुढं आला आणि मी तो खाल्ला, मास्तर. जरासुद्धा अडखळलो नाही. नातीला मी हेच म्हटलं: तुझ्या त्या पोरांचं भांडण झालं असेल नसेल, मला ठाऊक नाही, पण त्यांच्यातला कोणी तरी एकदा असा मोठा तुकडा चाखला असणार. ती म्हणाली, "आबा, हे काही खरं कारण नाही." मी म्हटलं, तू वाजवलं आहेस का कधी?

मेहकरचं आम्हाला दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आलेल्या माणसांनी सांगितलं. ढोल नाही म्हणून लोक हसले. तुम्ही स्वतः छोटा ढोल गळ्यात अडकवून, बोडक्या डोक्यानं, भर उन्हात वाजवत होता. अडत्यानं तोंडावर विचारलं, हाच का तो बँड? आम्ही ढोल परत करायला आलो तेव्हा ढोलवाला आधीच मनाशी ठरवून आला होता. "मास्तर, आपुन नऊ आता येगळे वाजवतो." तुम्ही माझ्याकडे पाहिलं. माझ्या बोलण्याची वाट पाहत होता हे मला कळत होतं. मी बुटाकडे पाहत राहिलो. तुम्ही म्हणालात, "ढोल ठेवा तुमच्यापाशी. तुमच्याच हातात वाजते तो." टोपी परत द्यायला मी हात डोक्याला लावला, तर तुम्ही दुकानात निघून गेला होता.

लोक म्हणायचे, हिश्श्यावरून फुटला. कोणी म्हणायचं, जातीवरून फुटला. काहीही! दोन हंगाम आम्ही नऊ जण गाजलो, आणि मग लोक म्हणायला लागले, तेच ते काय वाजवता? खरंच होतं. रेडिओवरचं गाणं एकदा ऐकून बोटांत आणणारा आमच्यात कोणी नव्हता. मी हॉटेलासमोर सायकल धरून उभा राहून पाहिलं, चार-चार वेळा ऐकलं, दुकानापर्यंत येता येता सगळं सांडून जायचं. तिसऱ्या हंगामात ढोलवाला मुंबईला गेला, मी एसटीत लागलो. तुमच्याकडच्या आठ जणांनी तर त्याआधीच वाद्यं विकली होती. तुम्ही वारलात तेव्हा मी ड्युटीवर होतो असं सगळ्यांना सांगितलं. रजा मिळत होती. मी घेतली नाही. तुम्हाला खोटं बोलून फसवलं आणि तुम्ही ते खरं मानूनच गेलात, या एका गोष्टीनं माझी हिंमतच झाली नाही. तीस वर्षं उंद्रीच्या स्टँडवर गाडी थांबवली, घंटी मारली, पण खाली पाय ठेवला नाही. चहासुद्धा अमडापूरला प्यायचो.

हे सगळं ऐकल्यावर पोरगी म्हणते, "चला उंद्रीले." मी म्हटलं, येडी झाली काय? पण ऐकते थोडीच! काल मला स्कूटीवर मागं बसवलं आणि नेलं. विचारत विचारत घर सापडलं, आणि तो नवरदेव जिवंत! ऐंशीला टेकलेला, पाय दुखतात, पण बोलणं खणखणीत. मला पाहून पहिल्यांदा ओळखलं नाही. नातीनं बँड म्हटलं मात्र, तो खाटेवर उठून बसला. "अरे मास्तर! तुमी! तुमाले शोधायले तर आमी दुकानात आलो होतो." मी म्हटलं, कधी? "सुपारी दिली त्याच्या दोन दिवसांनी, मी अन् माहा बाप. टाइम पक्का करायले. सायकलच्या दुकानात एक माणूस चाक काढून बसला होता. बापानं त्याले विचारलं, ते जरीच्या टोपीवाले मास्तर कुठं हायेत, उंच, जवान? टोपी त्याच्या डोक्यामागंच खिळ्याले होती, बापानं बोट करून दाखवली. त्यानं चाक खाली ठेवलं. म्हणे, मास्तर बाहेरगावी गेले. सांगा, मी निरोप देतो. बापानं विचारलं, तुमी काय वाजवता? तर म्हणे, मी काही नाही वाजवत, मी सायकली सांभाळतो. लय साधा माणूस होता बापा. पाणी पाजलं आमाले."

तेव्हाच तो चहा सांडला, मास्तर. तुम्हाला माहीत होतं! वाटणीच्या आधीपासून माहीत होतं. ढोल म्हणूनच उंद्रीला पाठवलात. टोपी म्हणूनच दिलीत, की त्या बापानं मला दुसऱ्या टोपीत पाहू नये, की भर मांडवात कोणी विचारू नये, तू कोण? आणि ढोलवाला बोलला तेव्हा माझ्याकडे पाहिलंत, तेही सगळं माहीत असून! मी फसवलं असं समजून साठ वर्षं तोंड लपवत फिरलो, आणि तुम्ही मला तेव्हाच झाकून घेतलं होतं. ओरडायचं होतं ना हो, एकदा तरी! कानाखाली द्यायची होती! मी टोपी तिथंच काढली असती, मी "नाही, आम्ही वेगळे होत नाही" म्हणालो असतो. असतो की नाही, आता कसं सांगू? काल तर परतताना स्कूटीवर मी मोठ्यानं हसत होतो आणि रडत होतो, पोरगी घाबरून गाडी थांबवत होती. इतका आनंद मला एसटीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता.

हे पत्र तुमच्या टोपीतच ठेवतो. जरीची पट्टी काळी पडली आहे, कसरीनं अस्तर खाल्लं आहे, पण काठ अजून चमकतो. आणि एक राहिलंच. काल निघताना त्या म्हाताऱ्यानं आपल्या नातवंडांना हाक मारली, सगळी ओसरीवर ओळीनं उभी केली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पाया पडा रे. हे बँडाचे मास्तर. यायच्यावाणी मास्तर जिल्ह्यात झाला नाही." नात माझ्याकडे पाहत होती. चार पोरं वाकली. मास्तर, मी "हाव" नाही म्हणालो. पण "नाही" सुद्धा नाही म्हणालो. चौघांच्याही डोक्यावर हात ठेवला.